ब्रेक डिस्क कधी बदलायची: पॅड काढल्यावर करायची मोजणी

डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती, आणि तिला दोन्ही बाजूंनी दाबून गाडी थांबवतात ते पॅड. ब्रेक पॅड संपत आले की बहुतेक गाड्यांत ते तसं सांगतात. पॅडला लावलेली पत्र्याची छोटी पट्टी डिस्कला घासते आणि किंचाळल्यासारखा आवाज येतो, नाहीतर मीटरवर दिवा लागतो. डिस्कला अशी काही सोय नाही. २२ मिलीमीटर जाडीची डिस्क झिजून २० वर आली तरी रोजच्या चालवण्यात गाडी तशीच थांबते, पेडलही तसंच लागतं. त्यामुळे 'ब्रेक चांगले लागतायत' यावरून डिस्कबद्दल काहीच कळत नाही.

किलोमीटरवरूनही कळत नाही. त्याच मॉडेलची एक गाडी सपाट महामार्गावर आणि दुसरी रोज घाट उतरणारी असेल, तर दोन्हींच्या डिस्कच्या आयुष्यात दुपटीचा फरक सहज पडतो. 'दोन पॅड सेटमागे एक डिस्क' हा गॅरेजातला ठोकताळा अनेकदा बरोबर ठरतो, पण तो ठोकताळाच. पॅड कडक मिश्रणाचे असतील तर पहिल्या सेटमध्येच डिस्क संपते, आणि पॅड मऊ असतील तर तिसरा सेटही निघतो.

निर्णयाची खरी वेळ एकच असते: जुने पॅड बाहेर आलेत आणि नवे अजून बसवायचेत ती. त्या वेळी विचारायचा प्रश्न 'डिस्क आज चालेल का' एवढाच नाही. हे नवे पॅड संपेपर्यंत ती टिकेल का, हे पाहायचं असतं. पुढची सगळी मोजणी त्यासाठीच आहे.

चालवताना काय कळतं आणि काय नाही

ब्रेक दाबल्यावर साधारण ८० ते १२० च्या वेगात स्टेअरिंग थरथरतं, वेग उतरला की थरथर मंदावते आणि पेडल सोडलं की थांबते: हे पुढच्या डिस्कचं लक्षण. स्टेअरिंग शांत पण सीट आणि पेडल थरथरत असेल तर मागच्या डिस्क आधी तपासा. ब्रेक न दाबताही थरथर होत असेल तर डिस्कच्या मागे लागू नका, आधी चाकांचं बॅलन्सिंग आणि टायर बघा. निसरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारल्यावर पेडलला भराभर धक्के बसतात ते एबीएसचं (चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं) काम, त्यात बिघाड काही नाही.

गाडी ब्रेक मारताना एका बाजूला ओढते तेव्हा बहुधा कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारी पकड) अडकलेला असतो किंवा एका बाजूच्या पॅडवर तेल-ग्रीस लागलेलं असतं. पेडल मऊ, स्पंजासारखं लागत असेल तर ब्रेक ऑइलमध्ये हवा शिरली आहे किंवा ते जुनं झालं आहे. या दोन्ही तक्रारींवर नवी डिस्क हा इलाज नाही, तरी त्या नावाखाली डिस्क बऱ्याचदा बदलल्या जातात.

खरखर, धातूवर धातू घासल्यासारखा आवाज मात्र लगेच मनावर घ्या. पॅडचं मिश्रण संपून त्याची लोखंडी पाटी डिस्कला लागली की थोड्याच अंतरात डिस्क नांगरल्यासारखी होते. अशी डिस्क बहुतेक वेळा बदलावीच लागते.

चाक काढण्याआधी

गाडी सपाट, कठीण जमिनीवर हवी. पुढची चाकं उघडायची असतील तर हँडब्रेक ओढा आणि मागच्या चाकांना आड लावा. मागची उघडायची असतील तर हँडब्रेक सोडावा लागतो, नाहीतर डिस्क फिरणार नाही. म्हणून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी आड लावा. नट जमिनीवरच थोडे सैल करून मग जॅक लावायचा, आणि गाडी उचलल्यावर तिचा भार स्टँडवर घ्यायचा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये.

ब्रेकची काळी भुकटी हवेच्या पाइपनं उडवू नका. जुन्या गाड्यांच्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि नव्या पॅडची धूळही फुप्फुसात जायच्या लायकीची नसते. ब्रेक क्लीनर मारून ओल्या फडक्यानं पुसा. मागच्या चाकाला इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक असेल तर कॅलिपर उघडण्याआधी गाडी सर्व्हिस मोडमध्ये घालावी लागते. ते न करता पिस्टन (कॅलिपरमधला, पॅडला ढकलणारा दट्ट्या) जबरदस्तीनं आत दाबला तर आतली यंत्रणा मोडते.

डोळ्यांनी तपासणी

चाकाच्या आऱ्यांमधून डिस्कची फक्त बाहेरची बाजू दिसते, आणि तीच सहसा बरी असते. आतली बाजू पाण्या-चिखलाच्या जास्त वाट्याला येते. शिवाय कॅलिपर ज्यांच्यावर सरकतो त्या स्लाइड पिन अडकल्या की आतला पॅड आधी झिजतो आणि डिस्कची आतली बाजूही खराब करतो. म्हणून चाक काढल्यावर टॉर्च आणि लहान आरसा घेऊन आतली बाजू पूर्ण एक फेरी फिरवून बघा. बाहेरून आरशासारखी चकचकीत आणि आतून खडबडीत, अशा डिस्क सर्रास सापडतात.

पहिली गोष्ट कंगोरा. पॅड डिस्कच्या अगदी कडेपर्यंत पोचत नाही, त्यामुळे बाहेरच्या कडेला न झिजलेली अरुंद पट्टी उरते आणि तिचा कंगोरा तयार होतो. नखानं तो चाचपा. दोन्ही बाजूंच्या कंगोऱ्यांची उंची मिळवली की झीज किती झाली त्याचा ढोबळ अंदाज येतो. प्रत्येक बाजूला जवळपास १ मिलीमीटरचा कंगोरा लागत असेल तर बऱ्याच गाड्यांच्या बाबतीत डिस्क संपली. गंज चढल्यामुळे कंगोरा फुगलेला असू शकतो, तेव्हा यावरून फक्त मोजायची घाई करायची, निकाल द्यायचा नाही.

मग तडे. गरम-थंड होऊन पृष्ठभागावर केसासारख्या बारीक रेषांचं जाळं येतं. ते वरवरचं असेल तर चालतं. तडा नखाला लागत असेल, बाहेरच्या कडेपर्यंत पोचला असेल किंवा मधल्या टोपीकडे (डिस्कचा मधला उंच भाग) सरकत असेल तर ती डिस्क त्याच दिवशी बाद. जाडी कितीही असो. भोकं पाडलेल्या डिस्कमध्ये तडे भोकाच्या काठावर सुरू होतात आणि एका भोकातून दुसऱ्याकडे जातात. तशी जोडणी दिसली की बाद.

चरे सगळ्याच डिस्कवर असतात, बारीक चऱ्यांनी काही बिघडत नाही. नख अडकेल आणि खोली अर्ध्या मिलीमीटरच्या आसपास असेल तर मात्र नवा पॅड त्यावर नीट टेकायला फार वेळ घेतो, तोवर ब्रेक कमी लागतात आणि पॅड विचित्र झिजतो. शिवाय जाडी मोजायची ती चऱ्याच्या तळाशी, दोन चऱ्यांमधल्या उंचवट्यावर नाही.

गंजाचं थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण त्यावरून दोन्ही टोकांच्या चुका होतात. गाडी धुतली, रात्री पाऊस झाला की सकाळी डिस्क नारिंगी दिसते. पाच-सहा वेळा ब्रेक दाबला की तो थर जातो; त्यासाठी डिस्क बदलायची गरज नाही. पण महिनोन् महिने उभ्या असलेल्या गाडीत, किंवा मागच्या चाकांवर जिथे ब्रेकचा भार कमी असतो, तिथे गंज लोखंडात खोल शिरतो आणि खड्डे पडतात. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांत मोटरच गाडीचा वेग कमी करते, पॅडला काम कमी पडतं, त्यामुळे डिस्क झिजण्याआधी गंजून बाद होणं तिथे नेहमीचं आहे. ओळख सोपी: घासून चकचकीत झालेला पट्टा पॅडच्या रुंदीएवढा हवा. तो दोन्ही कडांनी आक्रसत जाऊन मध्ये चमकती पट्टी आणि बाजूला खडबडीत तपकिरी कडी अशी दिसत असेल, आणि काही चांगले दमदार ब्रेक मारूनही ती कडी साफ होत नसेल, तर पॅड तेवढ्या भागात टेकतच नाही. जाडी शिल्लक असली तरी ही डिस्क गेली. आतून पोकळ डिस्कमध्ये मधल्या पात्यांमध्येही डोकवा. तिथे गंजाचे पापुद्रे सुटून हवेची वाट बुजलेली असते.

शेवटी रंग. निळे-जांभळे गोल डाग ही अतिउष्णतेची खूण. तिथे तापमान ७०० अंशांच्या आसपास जाऊन लोखंडाची रचनाच बदललेली असते आणि तो ठिपका आजूबाजूपेक्षा कडक झालेला असतो. वरून खरवडून तो जात नाही, लेथवर मारला तरी थोड्या दिवसांत परत वर येतो. डाग सगळ्या परिघावर असतील तर डिस्क बदलाच, आणि आधी कॅलिपर अडकलाय का ते बघा, नाहीतर नव्या डिस्कचंही तेच होईल.

जाडी मोजणं

बहुतेक डिस्कवर कमीत कमी जाडी कोरलेली असते: टोपीच्या बाजूला किंवा बाहेरच्या कडेवर, 'मिन' किंवा 'मिन टीएच' अशी रोमन अक्षरं आणि पुढे मिलीमीटरमध्ये आकडा. गंजाखाली दडला असेल तर तारेच्या ब्रशनं घासा. हा आकडा पूर्ण डिस्कच्या जाडीचा असतो, एका बाजूचा नाही. नव्या डिस्कची जाडी म्हणूनही तो कधीकधी चुकून वाचला जातो, आणि मग संपलेली डिस्क 'अजून नवीच आहे' म्हणून परत बसते. आकडा सापडला नाही तर त्याच गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधून घ्या. शेजारच्या मॉडेलचा आकडा उसना घेऊ नका, एकाच मॉडेलच्या दोन इंजिनांनाही वेगळ्या डिस्क असतात.

अंदाज यावा म्हणून: पुढची पोकळ डिस्क नवी २२ असेल तर मर्यादा बरेचदा २० असते, मागची भरीव १० ची असेल तर ८. म्हणजे झिजायला एकूण २ मिलीमीटर, प्रत्येक बाजूला फक्त १.

साध्या व्हर्निअरनं मोजताना सगळ्यात मोठी चूक कंगोऱ्यामुळे होते. व्हर्निअरचे सपाट जबडे दोन्ही बाजूंच्या कंगोऱ्यांवर टेकतात आणि न झिजलेल्या कडेची जाडी दाखवतात. डिस्क आत २०.३ वर आलेली असते, व्हर्निअर २१.९ म्हणतो. यावर सोपा उपाय आहे. दोन सपाट वॉशर घ्या, कानसून त्यांची धार काढा आणि दोन्ही एकत्र ठेवून मोजा; समजा ४ मिलीमीटर भरले. आता कंगोऱ्याच्या आत, झिजलेल्या भागावर दोन्ही बाजूंना समोरासमोर एकेक वॉशर धरून त्यांच्यावरून मोजा. आकडा २४.३ आला तर डिस्क २०.३. टोकदार जबड्यांचा मायक्रोमीटर असेल तर हा खटाटोप लागत नाही, आणि चऱ्याच्या तळाशीही पोचता येतं.

एकाच ठिकाणी मोजून थांबू नका. पॅड जिथे घासतो त्या पट्ट्यावर, बाहेरच्या कडेपासून १० ते १५ मिलीमीटर आत, दर ४५ अंशांवर खडूनं खूण करून आठ जागी मोजा. सगळ्यात कमी आकडा तोच डिस्कची जाडी. सरासरी काढू नका. याशिवाय एका जागी कडेजवळ आणि टोपीजवळ अशी दोन मापं घ्या. दोन्हींत ठळक फरक असेल तर डिस्क उतरती झिजली आहे, म्हणजे पॅड तिरका दाबला जातोय. स्लाइड पिन साफ करून सिलिकॉन ग्रीस लावल्याशिवाय नवं काही बसवू नका. साधं पेट्रोलजन्य ग्रीस तिथे वापरलं तर रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकतात.

कार्बन-सिरॅमिक डिस्कला हे माप लागू नाही. तिथे झीज जाडीत फारशी दिसत नाही, म्हणून डिस्कवर किमान वजन कोरलेलं असतं आणि ती काढून काट्यावर ठेवावी लागते.

२ मिलीमीटरनं एवढं काय होतं

२२ वरून २० म्हणजे नऊ टक्केच कमी, असं वाटतं. पण पोकळ डिस्कमध्ये मधली जागा हवेची असते. दोन्ही बाजूंच्या चकत्या समजा सात-सात मिलीमीटरच्या, मध्ये आठ मिलीमीटर पोकळी. झीज होते ती फक्त चकत्यांची: १४ मिलीमीटर लोखंडाचं १२ उरतं. सातवा हिस्सा लोखंड गेलं.

हे लोखंड उष्णता साठवण्यासाठी असतं. १५०० किलोची गाडी १०० च्या वेगातून थांबवायची म्हणजे सुमारे ५८० किलोज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलायची. त्यातला साधारण ७० टक्के भार पुढच्या ब्रेकवर, म्हणजे एका पुढच्या डिस्कच्या वाट्याला २०० किलोज्यूल. डिस्क सात किलोची धरली तर एका थांबण्यात ती साधारण ६० अंशांनी तापते. एकदाच थांबायचं तर काहीच नाही. लांबलचक उतारावर दर मिनिटाला ब्रेक लागत गेला तर मात्र हे अंश एकावर एक चढत जातात, आणि पातळ डिस्क जाड डिस्कपेक्षा लवकर अशा तापमानाला पोचते जिथे पॅडची पकड सुटते आणि ब्रेक ऑइल उकळू लागतं. डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश असतो, पाणी शोषलेल्या ऑइलसाठी किमान १५५. मर्यादेखालची डिस्क आणि चार वर्षांचं ऑइल एकत्र आले तर काय होईल ते वेगळं सांगायला नको.

दुसरं कारण कॅलिपरमधलं. डिस्क पातळ आणि पॅडही संपलेले, म्हणजे पिस्टनला नेहमीपेक्षा जास्त बाहेर यावं लागतं. तो सीलच्या पलीकडे गेला तर ऑइल गळतं.

आता हिशेब

समजा नवी डिस्क २२, मर्यादा २०. पहिला पॅड सेट संपला तेव्हा माप आलं २१.१. एका सेटनं ०.९ खाल्ले. पुढचा सेटही तेवढेच खाईल, म्हणजे तो संपेल तेव्हा डिस्क २०.२ वर असेल. डिस्क ठेवा, नुसते पॅड बदला.

दुसरा सेट संपल्यावर माप खरंच २०.२ आलं. मर्यादेच्या वर आहे, तपासणीतही पास होईल. पण तिसरा सेट तिला १९.३ वर नेईल, आणि ती २० च्या खाली जाईल तेव्हा पॅड अजून पाऊणच्या वर शिल्लक असतील. म्हणजे मध्येच पुन्हा सगळं उघडा, डिस्क टाका आणि अर्धवट वापरलेले पॅडही फेका. त्यापेक्षा आजच डिस्क बदला.

गाडी चालवायची पद्धत जोरकस असेल तर पहिल्याच सेटनंतर २०.८ येऊ शकतं. दिसायला भरपूर उरली आहे, पण एका सेटची झीज १.२ आणि शिल्लक ०.८. इथेही बदला.

एकूण सूत्र असं: शिल्लक जाडी एका सेटच्या झिजेपेक्षा जास्त असेल तर ठेवा, नाहीतर नव्या पॅडबरोबर नवी डिस्क. जुना इतिहास माहीत नसेल, गाडी नुकतीच विकत घेतली असेल, तर उपलब्ध झिजेपैकी निम्म्याहून कमी उरली असताना नवे पॅड घालू नयेत असं आमचं मत आहे.

बदलायची ती नेहमी जोडीनं, एकाच ॲक्सलच्या दोन्ही बाजूंची. एक नवी एक जुनी ठेवली की दोन्ही बाजूंची पकड आणि तापणं वेगळं होतं आणि गाडी ओढते. नव्या डिस्कवर जुने पॅडही नकोत. जुन्या डिस्कच्या चऱ्यांचा ठसा त्यांच्यावर असतो.

थरथरणारी डिस्क: खरंच वाकडी असते का

'डिस्क वाकली' हे सगळ्यांच्या तोंडी आहे. प्रत्यक्षात डिस्क वाकलेली सापडणं दुर्मीळ. थरथर बहुतेक वेळा जाडीतल्या फरकामुळे किंवा पृष्ठभागावर पॅडचं मिश्रण कमी-जास्त चिकटल्यामुळे होते. फिरताना डिस्कचा जाड भाग पॅडखाली आला की पिस्टन मागे ढकलला जातो, पातळ भाग आला की पुढे येतो, आणि तेच पेडलला जाणवतं. यासाठी मिलीमीटरचा शंभरावा-दीडशतांश भाग, म्हणजे ०.०१ ते ०.०१५ एवढा फरकही पुरतो. व्हर्निअरवर तो दिसणार नाही, मायक्रोमीटर लागतो.

हा फरक येतो कुठून? बरेचदा डिस्क तिरकी बसवल्यामुळे. हबवर (डिस्क आणि चाक ज्यावर बसतात तो फिरणारा भाग) गंजाचा एक कण, ०.०५ मिलीमीटरचा, केसाहून जाड नाही, डिस्कखाली एका कडेला राहिला असं धरा. हबचा बसण्याचा व्यास १४० मिलीमीटर, आणि पॅड घासतो तिथला व्यास २५०. डिस्कचं डोलणं त्या प्रमाणात वाढून ०.०९ मिलीमीटरच्या घरात जातं. बहुतेक गाड्यांत डोलण्याची मर्यादा ०.०५ ते ०.१० च्या दरम्यान असते, म्हणजे एका कणात ती जवळपास संपली. अशी डिस्क पहिल्या दिवशी थरथरत नाही. ब्रेक न दाबताही प्रत्येक फेरीला तिचा एक भाग पॅडला हलकेच घासत राहतो, काही हजार किलोमीटरनंतर तिथे पातळ होतो, आणि मग थरथर सुरू होते. तोवर सगळे विसरलेले असतात आणि दोष डिस्कच्या दर्जाला जातो.

डोलणं मोजायचं तर चाकाचे नट वॉशरसकट समोरासमोरच्या क्रमानं सारखे कसून डिस्क हबवर घट्ट धरा. डायल गेजचा (बारीक फरक सुईवर दाखवणाऱ्या मापकाचा) पाया स्टेअरिंग नकलला (हबमागच्या न फिरणाऱ्या भागाला) लावा, टोक डिस्कच्या कडेपासून १० ते १५ मिलीमीटर आत टेकवा आणि सावकाश एक फेरी फिरवा. आधी चाकाच्या बेअरिंगला खेळ नाही ना हे हलवून बघा, नाहीतर आकडा भलताच येईल. माप मर्यादेबाहेर असेल तर डिस्क काढा, हब साफ करा, डिस्क एका स्टडनं (नट ज्यावर बसतो तो दांडा) पुढे फिरवून बसवा आणि परत मोजा. उंच जागा डिस्कवरच्या खडूच्या खुणेबरोबर सरकली तर दोष डिस्कमध्ये. ती हबवरच्या त्याच स्टडपाशी राहिली तर हबमध्ये, आणि मग कितीही नव्या डिस्क घातल्या तरी थरथर परत येणार.

लेथवर मारून घ्यावी का

जाडी भरपूर असेल आणि फक्त थरथर किंवा उथळ चरे असतील तर फेसिंग (लेथवर पृष्ठभाग सपाट करणं) करून घेणं योग्य आहे. मात्र लेथ मारल्यानंतर उरणारी जाडी मर्यादेपेक्षा एका पॅड सेटच्या झिजेएवढी तरी जास्त हवी. नुसती मर्यादेच्या वर असून भागत नाही. चाकावरच लावून मारता येणारा लेथ मिळाला तर उत्तम, कारण त्यात हबचं डोलणंही धरलं जातं. तडे, निळे डाग, खोल गंज असेल तर लेथवर पैसे घालू नका.

नवी बसवताना

इथे घाई केली तर आधीची सगळी मोजणी वाया जाते. कॅलिपर काढल्यावर त्याला होजवर लोंबकळू देऊ नका, तारेनं स्प्रिंगला बांधा. डिस्क निघत नसेल तर बघा: बऱ्याच गाड्यांत एखादा छोटा स्क्रू तिला धरून असतो. मागच्या डिस्कच्या टोपीत हँडब्रेकचे शूज असतील तर ते आधी सैल करावे लागतात, कारण टोपीतही आतून कंगोरा तयार झालेला असतो. काही गाड्यांच्या मागच्या डिस्कमध्येच बेअरिंग आणि एबीएसचं कडं बसवलेलं असतं. तिथे काम वेगळं आणि नवा हब नट लागतो.

हबचा चेहरा तारेच्या ब्रशनं चमकेपर्यंत घासा, स्टडच्या मुळाशी साचलेला गंज खास करून. तिथे ग्रीसचा थर देऊ नका. मधल्या गोल उंचवट्याला अगदी पातळ हात पुरे. नव्या डिस्कवर गंजरोधक तेल असतं ते ब्रेक क्लीनरनं दोन्ही बाजूंनी धुवा. पातीदार डिस्कची पाती वळणदार असतील तर डावी-उजवी वेगळी असते, खूण बघून बसवा. पिस्टन आत दाबताना वरच्या टाकीतली ऑइलची पातळी चढते. ती भरून सांडली तर रंग उडतो. मागचे काही पिस्टन नुसते दाबून आत जात नाहीत, फिरवत न्यावे लागतात.

चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमानं, दोन टप्प्यांत, टॉर्क पान्यानं कसा. बऱ्याच मोटारींना तो ९० ते १२० न्यूटन मीटर असतो, नेमका मॅन्युअलमध्ये. हवेच्या गननं एकेक नट ठोकून बसवणं हे डिस्क डोलण्याचं फार नेहमीचं कारण आहे.

गाडी हलवायच्या आधी पेडल कडक होईपर्यंत दाबा. पिस्टन मागे गेलेले असल्यानं पहिल्यांदा ते थेट तळाला जातं.

मग बसवणीचे ब्रेक: मोकळ्या रस्त्यावर ६० वरून २० पर्यंत, मध्यम जोरानं, दहा-बारा वेळा, मध्ये अर्धा-एक किलोमीटर डिस्कला हवा लागू देत. पूर्ण थांबायचं नाही. त्यानंतर काही मिनिटं ब्रेक न लावता चालवा. डिस्क तापलेली असताना पेडल दाबून गाडी उभी ठेवली तर पॅडचा ठसा तिथेच चिकटतो, आणि थरथरीचं बी पहिल्याच दिवशी पेरलं जातं. पहिले २०० ते ३०० किलोमीटर गरज नसताना करकचून ब्रेक टाळा.

५० ते १०० किलोमीटरनंतर नटांचा टॉर्क परत बघा. आणि बसवण्याआधी नव्या डिस्कची जाडी मोजलेली असेल तर तो आकडा, कोरलेली मर्यादा आणि मीटरवरचे किलोमीटर सर्व्हिस बुकात लिहून ठेवा. पुढचे पॅड निघतील तेव्हा वजाबाकीला हाच आकडा लागणार आहे.